धुराची मोजणी

तुम्हीच सांगा, विश्वास कोणावर ठेवावा... जो फक्त आपल्यालाच माल विकतो त्याच्यावर, की जो आपल्यालाही विकतो आणि आपल्या वैऱ्यालाही?

घाई करू नका. दुकानात बसल्या बसल्या हा प्रश्न मी पुष्कळांना विचारला आहे. तरणी माणसं झटकन उत्तर देतात. म्हातारी आधी तंबाखू मळतात.

आमच्या बाजारात दोन आंबेवाले होते. दोघंही पाटीत वर एक थर आंब्यांचा लावायचे आणि खाली नुसता पेंढा भरायचे. एका संध्याकाळी दोघांनी उरलेल्या पाट्यांची अदलाबदल केली. दोघंही मनातल्या मनात हसत घरी गेले. का? तर आपल्या पाटीत पेंढा आहे हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं, आणि समोरच्याच्या पाटीत तळापर्यंत आंबेच असणार याचीही खात्री होती.

ही गोष्ट बाजूला ठेवा. पुढं कामाला येईल.

भैरोळी आणि खडकवण ही दोन लहानशी संस्थानं. मध्ये एक डोंगर, डोंगरात एक खिंड. दोन्हीकडची बोली एक, भाकरी एक, रोटीबेटी एक. दोन्ही गावच्या देव्या सख्ख्या बहिणी. त्यातली थोरली कोणती, यावरून मात्र एका जत्रेत डोकी फुटली होती.

मीठ कोणाच्याच राज्यात पिकत नव्हतं. म्हणून खिंड बंद झाली तरी माझे पाठीवर गोण्या वाहणारे पाठाळाचे बैल दोन्ही चौक्या सोडत. मीठ, मसाला, औषधी जिन्नस घेऊन मी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. धंद्याचा नियम एकच. अलीकडचं पलीकडे बोलायचं नाही, पलीकडचं अलीकडे आणायचं नाही. माझ्याआधी एक तेलवाला होता. त्यानं हा नियम मोडला. त्याचा बैल एकटाच घरी आला.

आता तिथली रीत सांगतो.

दिवेलागणीला चुली पेटल्या, की दोन्हीकडचे मोजणीदार उंचावर चढत आणि समोरचे धूर मोजत. जेवढ्या चुली, तेवढी फौज. ही मोजणी रोज दरबारात जायची.

ही अक्कल दोघांनाही आली, तेव्हा दोघांनीही रिकाम्या चुली पेटवायला सुरुवात केली. माळावर तीन धोंडे मांडायचे, ओलं सरपण घालायचं, वर शेणी. धूर भरपूर, भांड्याचा पत्ता नाही. यांनी चार वाढवल्या की ते सहा वाढवत. त्यांनी सहा वाढवल्या की हे दहा.

डोंगर उघडे पडले. भैरोळीच्या बायका एकवेळच रांधू लागल्या, कारण सरपण धुराला लागत होतं. रात्री पोरं शिळं खात आणि अंगणात ओळ म्हणत, 'आपला धूर सरळ, त्यांचा धूर वाकडा.' खडकवणची पोरंही हीच ओळ म्हणत. चालही तीच.

खिंडीत रेवणगीर गोसाव्यांची धुनी होती. तिथं दोन्हीकडची हद्द संपायची. धुनीपाशी हत्यार काढायचं नाही, हा जुना रिवाज दोघंही पाळत. बाबा एकटेच असत. धुनी, चिमटा आणि एक घोंगडी. चेला म्हणून जन्मात एकच टिकला, हैबतराव. तरुणपणी दोन पावसाळे त्यानं धुनीला लाकडं घातली, मग कमरेला तलवार बांधली, आणि चढत चढत भैरोळीचा सरदार झाला. तो गेला त्यानंतर बाबांनी कोणासाठी दुसरी घोंगडी अंथरल्याचं मला माहीत नाही.

त्या दिवशी मी खडकवणातून परतत होतो. बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवल्या होत्या. ऊन कलतं झालं होतं.

"अंगारा देणार की नाही, बाबा?"

हैबतरावांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. स्वार आणि निरोप नेणारा जासूद खालच्या वळणावर उभे करून ते एकटेच वर आले होते. म्यानातली तलवार दोन्ही हातांवर आडवी धरली होती, देवापुढं ताट धरावं तशी.

बाबांनी चिमट्यानं एक ओंडका आत सारला.

"कशाला हवा?"

"तलवारीला लावायला. उद्या पहाटे तोफ. तोफेमागून स्वार."

"कोणावर?"

"खडकवणावर. दुसरं आहे कोण?"

"काय केलं त्यांनी?"

"अजून काही केलेलं नाही."

बाबांनी फक्त मान वर केली.

"करणार आहेत," हैबतराव म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"धूर म्हणतो. पावसाळ्यापासून वाढतच चाललाय."

"तुझ्याकडचा?"

"आमचाही वाढवला. त्यांचा वाढला म्हणून."

"त्यांचा कशानं वाढला?"

बाबांना खोकला आला. हसलेही असतील, त्यांचं दोन्ही सारखंच ऐकू यायचं.

"हैबत, तुझ्या किती चुलींवर भांडं असतं?"

हैबतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी बैलाकडे पाहिलं.

"बोल. शेट आपलाच आहे."

"शेट दोन्हीकडचा आहे, बाबा."

"तेच म्हणालो."

हैबतरावांनी तलवार मांडीवर घेतली आणि बसले. जमिनीवरच बसले. घोंगडीच्या मधोमध बाबा होते.

"निम्म्या चुलींवर," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "निम्म्याहून कमी."

"आणि त्यांच्या?"

"त्यांच्या सगळ्या भरलेल्या."

"कशावरून?"

"रिकाम्या चुलीची युक्ती आपली आहे. त्यांना एवढं डोकं नाही."

"मग भीती कसली?"

"फार कपटी लोक आहेत, बाबा. तुम्हाला ठाऊक नाही."

"आत्ता म्हणालास, डोकं नाही."

"कपटापुरतं आहे."

मला आंबेवाले आठवले. पण सरदारापुढं आंब्यांच्या गोष्टी कोण सांगतो? मी बैलाची मान खाजवत राहिलो.

वारा पडला होता. खिंडीच्या दोन्ही अंगांना दरी होती. एकीकडे भैरोळीचा माळ, दुसरीकडे नदी आणि नदीपलीकडे खडकवण. चुली पेटायला लागल्या होत्या. इकडून एक, तिकडून एक, मग भराभर. दोन्हीकडचे धूर सारख्याच उंचीवर जात आणि तिथून एकाच दिशेला कलत.

बाबांनी चिमटा उचलला आणि आपल्या धुनीकडे दाखवला.

"हा धूर कोणाकडे धरतोस?"

हैबतराव तलवारीच्या मुठीवरून अंगठा फिरवू लागले.

"विचारलं मी, हैबत."

"मोजणीत... त्यांच्याकडे."

"या धुनीला तू लाकडं घातलीस."

"मी सरदार झालो तेव्हा हा धूर आधीच त्यांच्याकडे लावलेला होता. मी कमी केला असता तर दरबारानं विचारलं असतं, वैरी का कमी केलास. वैरी वाढवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, बाबा. उलट शेला देतात."

"त्यांचा सरदार आला होता मध्यंतरी."

हैबतराव ताठ झाले. "इथं? काय म्हणाला?"

"अंगारा मागत होता."

"आणि हा धूर?"

"त्याच्या मोजणीत मी तुझा आहे."

मला हसू आलं, ते मी गोणीआड लपवलं. हैबतरावांना मात्र उपाय सुचला होता. हुशार माणसाला उपाय फार लवकर सुचतात.

"मग विझवा की धुनी. दोन्हीकडचा एकेक कमी होईल."

"विझवतो."

बाबांनी खरंच कमंडलू उचलला. पाणी निखाऱ्यांवर धरलं आणि थांबले.

"हैबत, उद्या संध्याकाळी तुझा मोजणीदार खिंडीकडे बघेल. इथला धूर दिसला नाही, तर काय लिहील?"

हैबतरावांनी कमंडलूकडे पाहिलं.

"बोल."

"लिहील, की खिंडीतली टोळी... निघाली."

"कुठं?"

"आमच्याकडे."

"जळली तर आले. विझली तर निघाले." बाबांनी कमंडलू खाली ठेवला. "थंडी आहे. जळू दे."

एकटी जागा ती. पाखरंसुद्धा डोंगर उघडे पडल्यावर निघून गेली होती.

"इथं एकटं वाटत नाही तुम्हाला?" हैबतरावांनी विचारलं. पंचवीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न असावा.

बाबांनी उलट विचारलं, "सकवारची काही खबर?"

सकवार ही हैबतरावांची एकुलती लेक. शांततेच्या दिवसांत खडकवणच्या देसायांकडे दिली होती. लग्नाला दोन्ही संस्थानांची माणसं एका पंगतीला जेवली. हिंगजिरं माझंच होतं.

हैबतरावांचा चेहरा दार लावावं तसा बंद झाला.

"खिंड बंद झाली तेव्हा सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण, माहेरी आणायची. मेणा निघालाही होता. चौकीवरून परत पाठवला."

"खडकवणच्या चौकीनं?"

"आमच्या."

"हुकूम कोणाचा?"

"माझा." ते तलवारीच्या मुठीकडे बघत होते. "आपल्या लेकीला सोडलं असतं तर दुसऱ्याच्या लेकीला कोणत्या तोंडानं अडवलं असतं? दिली, ती तिकडची झाली. देश आधी."

"आणि तिची आई?"

"बाळंतिणीसाठी बाज विणून घेतली होती तिनं. ती सोप्यात पडून आहे. रोज पुसते. माझ्याशी बोलत नाही."

खालच्या वळणावरून जासुदाची हाक आली. "सरकार, उजेड चालला. मोजणी?"

हैबतराव उठले. खिंडीच्या पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिले. आता त्यांचा आवाजही सरदाराचा झाला.

"बाबा, तुम्ही चुलींच्या गोष्टी सांगता. आता हे बघा. ती चिंचांची रांग दिसते? तिच्या मागं. तो धूर नवा आहे. थोड्या दिवसांपूर्वी नव्हता."

बाबा उठून त्यांच्याजवळ गेले. मीही दोन पावलं गेलो. बघितलं, आणि तसाच मागं गोण्यांपाशी आलो.

"चुलीचा नाही तो," हैबतराव सांगत होते. "रंग बघा, पांढरा. चुलीचा असा नसतो. रोज दोनदाच निघतो, सकाळी आणि या वेळेला. माझे तीन हेर गेले, तिघांनी एकच सांगितलं. तोफा ओतायची भट्टी आहे. आज माझ्या मोजणीत भट्टी पक्की झाली की दरबाराचा हुकूम तयारच आहे. पहाटेचा पहिला गोळा त्या चिंचांच्या मागं."

"भट्टी दिवसातून दोनदाच का पेटते?"

"लपवायला."

"हेर आत जाऊन आले?"

"जवळ जाऊ देत नाहीत. पुरुषमाणसाला तर नाहीच. पडदे लावलेत. यावरूनच कळतं."

बाबा त्या धुराकडे बघत राहिले. मग मागं वळून माझ्याकडे आले. माझ्या गोण्यांवरून त्यांची नजर एकदा फिरली.

"शेट, मूठभर दे."

"कशातलं, बाबा?"

"तिकडे जे विकलंस त्यातलं."

आता तुम्ही व्यापारी असाल तर माझी गत तुम्हाला कळेल. मी हात जोडले. "बाबा, माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. पलीकडचं अलीकडे..."

"बोल म्हणालो का मी तुला? मूठभर दे म्हणालो."

मी लहान गोणीचं तोंड सोडलं. हात आत घातला. मूठ भरून बाबांच्या ओंजळीत टाकली.

बाबा धुनीपाशी बसले आणि ती ओंजळ त्यांनी निखाऱ्यांवर रिती केली.

ओवा होता.

धूर उठला. पांढरा, दाट, तिखट. वारा नव्हता, त्यामुळं तो आमच्याभोवतीच रेंगाळला. हा वास कोणाला ठाऊक नसतो? आपल्यातला प्रत्येक जण याच वासात डोळे उघडतो. न्हाऊन आलेली बाळंतीण, बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा, आणि पडद्याआडून येणारी ही धुरी. सकाळी एकदा. संध्याकाळी एकदा.

हैबतराव काठावर उभे होते. वास त्यांच्यापर्यंत गेला तेव्हा त्यांनी आधी मान वळवली, मग अंग वळवलं. धुनीतून उठणारा पांढरा धूर पाहिला. मग परत फिरून चिंचांच्या मागचा पाहिला.

दोन्ही पुसट होत होते. दोन्हींचा रंग एक.

"शेट," हैबतराव तिथूनच म्हणाले. "हे कोणाच्या घरी घातलंत?"

तेलवाल्याचा बैल डोळ्यांपुढं आला, गळ्यात घंटा, पाठीवर तेलाचे रिकामे बुधले.

हैबतराव माझ्यासमोर आले. कमरेचा शेला सोडला. शेला म्हणजे सरदारकी, दरबारानं बांधलेली. त्यात तलवार गुंडाळली आणि गोण्यांच्या पलीकडे ठेवून दिली.

"सरदार तिकडे ठेवला. आता सांगा."

माणूस असा विचारतो तेव्हा नियम कुठं जातो कोण जाणे.

"चिंचांच्या मागं देसायांचं घर आहे, सरकार, इतक्या वरून ओळखू येत नाही. तुम्हीच लेक दिलेलं. मागच्या सोप्यात पडदे आहेत. ओवा घेतला, बाळंतशेपा घेतल्या, डिंक, खारीक. देसाईणबाईंनी स्वतः निवडून घेतलं."

"म्हणजे... झाली."

"झाली."

"सुखरूप?"

"दोघीही."

दोघीही म्हटल्यावर ते थांबले.

"मुलगी?"

"मुलगी."

"बघितलीत?"

"मला कोण बघू देतंय? मी पडद्याबाहेर. रडणं ऐकलं तेवढं."

"कशी रडते?"

"खरं सांगू? चौकीवर तुम्ही शिपायांवर ओरडता ना, तश्शी. बैल बुजले माझे."

हैबतराव हसले. ते हसणं अर्ध्यावरच मोडलं. पाठ करून ते परत काठावर गेले आणि तिकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे आम्हाला दिसत होते. बाबांनी धुनीत एक काटकी घातली. ती घालायची काही गरज नव्हती.

"सरकार!" खालून जासूद. "मोजणी द्या. अंधार पडला की दरीतली वाट दिसत नाही."

हैबतराव परत आले. बसले. या वेळी धुनीच्या अगदी जवळ बसले.

"काय लिहू, बाबा?"

"काय दिसलं?"

"भट्टी नाही, हे दिसलं. तेच लिहिलं तर विचारतील, कशावरून. सांगितलं की तिथं माझी लेक आहे, तर म्हणतील, म्हणूनच."

बाबांनी चिमट्यानं निखारे सारखे केले.

"हेर तीन आहेत. तिघांचं एक मत. मी एकटा. आणि मी बाप." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "खरं सांगणारा माणूस मी एकटा, आणि विश्वास न ठेवण्यासारखाही मीच."

"दुसरा सरदार असता, त्याची लेक असती, आणि तू दरबारात बसला असतास. त्याचं ऐकलं असतंस?"

हैबतरावांनी शेल्यात गुंडाळलेल्या तलवारीकडे पाहिलं.

"नाही. त्याच्या हातातली मोजणी काढून घेतली असती."

"आणि भट्टी?"

"पहाटे उडवली असती."

बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही.

"लिहीन मी," हैबतराव म्हणाले. "पण नुसती भट्टी खोडून भागायचं नाही. एक खोडलं की विचारतील, बाकीचे धूर तरी खरे कशावरून. मग आपल्या रिकाम्या चुली निघतील. सगळाच हिशेब उघडा पडेल. सरदारकी जाईल, ती जाऊ दे. भैरोळीत फितूर म्हणतील. खडकवणात मी वैरीच आहे. लेकीच्या दारात जाता येणार नाही, स्वतःच्या दारात राहता येणार नाही. मी कोणाकडचा उरेन, बाबा?"

बाबा घोंगडीच्या मधोमध बसले होते, नेहमीसारखे. त्यांनी एक हात जमिनीला टेकला. म्हाताऱ्या माणसाला सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. कण्हत कण्हत ते घोंगडीच्या कडेला गेले आणि तिथं बसले.

अर्धी घोंगडी मोकळी झाली.

हैबतराव त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. एवढीशी जागा, दोन्ही राज्यांच्या बाहेरची.

पुढं काय झालं ते मी इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी बाबांच्या बोलण्यावर माझं बोलणं पडणार नाही.

ती तोफ त्या पहाटे डागली नाही. खरं खोटं करायला दरबारानं आपली माणसं पाठवली, त्यात दिवस गेले, आणि तेवढ्यात चिंचांच्या मागचा धूर आपोआप बंद झाला. बाळंतिणीचा सव्वा महिना भरला होता. हैबतरावांची सरदारकी गेली. त्यांच्या दारावर कोणी शेण मारलं, तेही मी पाहिलं. लढाई टळली असं मात्र म्हणणार नाही. वर्षभरानं नव्या सरदाराला नवा धूर दिसला, आणि ती झाली. रिकाम्या चुलींवरचं कोणी मेलं नाही. मेले ते भरल्या चुलींवरचे, दोन्हीकडचे. त्या वर्षी माझं मीठ कमी खपलं.

पण त्याच्या आधी, अशाच एका कलत्या उन्हात, मी बैल घेऊन खिंडीतून जात होतो. धुनीजवळ एक बाज होती. नवी विणलेली, पण घासून पुसून गुळगुळीत झालेली. तिच्यावर एक पोर पाय झाडत होतं. दोन बायका पाठ करून हळू आवाजात बोलत होत्या. घोंगडीवर दोन माणसं बसली होती, दोन कडांना. कोणी मला बस म्हणालं नाही. मीही थांबलो नाही. थोडा ओवा ठेवला आणि पुढं निघालो.

तर ती संध्याकाळ.

अंधार उतरत होता. जासूद तिसऱ्यांदा हाक मारत होता. हैबतरावांनी तलवार उचलली, शेला मात्र खांद्यावर तसाच टाकला, बांधला नाही. चार पावलं गेले आणि वळले.

"अंगारा राहिला, बाबा."

बाबांनी धुनीच्या कडेची चिमूटभर राख उचलली. हैबतरावांनी सवयीनं तलवार पुढं केली. बाबांनी ती बाजूला सारली, त्यांचा उजवा हात धरला, आणि लेखणी धरायच्या तीन बोटांना राख लावली.

"जा. तो ताटकळलाय खाली."

हैबतराव हललेच नाहीत.

"हिशेब खरा ठेव, हैबत... आधी आपल्या चुलींचा."